बोडखीचा प्राचीन किल्ला

जिल्हा म्हटला की त्याला एक मुख्यालय, एक शासकीय विश्रामगृह आणि एक किल्ला असावाच लागतो. पहिल्या दोन गोष्टी मंजुरी घेऊन बांधता येतात. तिसरी पूर्वजांनी वेळेवर बांधून ठेवलेली असावी लागते, आणि पूर्वजांना स्मरणपत्र पाठवण्याची सोय अजून झालेली नाही.

हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. तेव्हापासून दरवर्षी वरून एक तक्ता यायचा आणि त्यात ‘डोंगरी किल्ले (संख्या)’ असा एक रकाना असायचा. त्या रकान्यात सलग तीन वर्षं ‘निरंक’ लिहून गेलं. चौथ्या वर्षी वरून विचारणा झाली की, हे निरंक नजरचुकीने राहून गेलं आहे काय? (तक्ता कोणत्या कार्यालयात भरला जायचा, ते सांगत नाही. त्या कार्यालयाची पाटी वावटळीत उडून गेली होती आणि नवी मंजूर व्हायची होती.)

या कार्यालयात किसनसिंग साहेब होते. २००२ च्या एप्रिलात ते बारा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर स्कॉटलंडला जाऊन आले. विषय होता ‘थंड हवामानातील मेंढीपालन’. हिंगोलीत मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांची भट्टी पेटते, त्यामुळे थंड हवामानाची माहिती इथे कोणालाच नव्हती आणि ती आणणं निकडीचं होतं. दौऱ्याच्या नवव्या दिवशी मंडळींना एका टेकडीवर प्राचीन किल्ला दाखवायला नेलं. भुरभुर पावसात दीड तास चढून साहेब वर पोचले, तर वर गवत, वारा आणि दगडांची एक गोल ओळ. बुरूज नाही, दरवाजा नाही, साधं मारुतीचं देऊळसुद्धा नाही. किल्ला कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. तुम्ही त्यातच उभे आहात, असं उत्तर आलं. आजूबाजूला लांबून आलेली माणसं त्या दगडांकडे गंभीरपणे पाहत होती आणि समाधानाने खाली उतरत होती. पायथ्याशी एक सुबक पाटी होती. साहेबांना तिथेच उमगलं की किल्ल्याला तटबंदी लागत नाही, पाटी लागते.

परत आल्यावर ते पंधरा दिवस जीपमधून दगडांची गोल ओळ शोधत हिंडले. गोरेगावच्या पुढे बोडखी नावाच्या टेकडीवर ती त्यांना सापडली.

ही ओळ म्हणजे मसाजी पोल्याचा मेंढरांचा वाडा. मसाजीच्या बापाने तो रचला. ७२ साली की ७३ साली, ते मसाजीला नक्की आठवत नव्हतं, पण दगड देताना आपली बोटं चेचली होती हे पक्कं आठवत होतं. त्या भागात मेंढी पाळणाऱ्याला उन्हाळा जड जात नाही, पावसाळा जातो. मृग बरसला की खालच्या काळ्या रानात चिखल होतो, मेंढरांच्या खुरांत तो बसतो, खूर सडतात, मेंढरं लंगडतात आणि आठ दिवसांत आडवी होतात. म्हणून आखाडभर त्यांना बोडखीच्या मुरमावर ठेवायचं. वर पाणी ठरत नाही. मसाजीची सगळी पुंजी म्हणजे ती शहाऐंशी मेंढरं, आणि त्यांचे पाय कोरडे राहायचे ते या एका वाड्यात.

पांढरी जीप टेकडीखाली थांबलेली पाहून मसाजी धास्तावला. त्याच्या अनुभवात पांढरी जीप म्हणजे मोजणी आणि मोजणी म्हणजे अतिक्रमणाची नोटीस. बोडखी सरकारी होती.

“ही भिंत कोणी बांधली?” साहेबांनी विचारलं.

“म्या न्हाई,” मसाजी घाईने म्हणाला.

“मग तुझ्या वडिलांनी?”

“न्हाई न्हाई, साहेब! बाप तं गरीब मानूस होता. आमच्या लई आधीची हाय. आमी नुसते इथं येऊन राहिलो.”

“किती आधीची?”

जितकं जुनं सांगू तितकी नोटीस लांब जाईल, असा मसाजीने हिशेब केला. “आज्याच्या आज्याला बी ठाव नव्हतं,” तो म्हणाला.

साहेबांचे डोळे पाणावले. तिथल्या तिथे पंचनामा झाला आणि मसाजीने त्यावर आनंदाने अंगठा उमटवला. जीप गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं, “टळलं बघ.”

पुढच्याच आठवड्यात समिती आली. तिचा अहवाल अत्यंत अभ्यासपूर्ण आहे. भिंत कमरेइतकीच उंच आहे, यावरून शत्रू बुटका असावा, असं समितीने अनुमान काढलं. भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीची सात भोकं आढळली. (ती कोकरांना ये-जा करायला ठेवली होती.) त्या जंग्या, म्हणजे गोळी झाडायची छिद्रं, ठरल्या, आणि त्या जमिनीलगत असल्यामुळे इथली फौज पालथं पडून लढत असे, हा नवाच शोध लागला. एका बाजूचे दगड धुराने काळे पडले होते, म्हणून किल्ला एकदा तरी जाळला गेला हे सिद्ध झालं. कोणी जाळला, हे मात्र अज्ञात राहिलं. तिथे चूल मांडणारी मसाजीची बायको अनुसयाबाई समितीसमोरच उभी होती, पण तिला फक्त चहाचं विचारण्यात आलं. शस्त्र एकही सापडलं नाही, यावरून सैन्य शिस्तीचं होतं आणि जाताना आपलं सामान मोजून घेऊन गेलं, असं मत नोंदवून अहवाल संपतो.

मेच्या अखेरीस बोडखीला तारेचं कुंपण पडलं. ‘प्राचीन डोंगरी किल्ला. काळ अनिश्चित. वेळ दहा ते पाच. जनावरांना सक्त मनाई’ अशी पाटी लागली. मसाजीला वाचता येत नव्हतं. शेजारच्या मुंजाजीने ती वाचून दाखवली. मृगाला बारा दिवस होते. मेंढरांची काळजी तर होतीच, पण बापाने छातीशी धरून आणलेला एकेक दगड कुण्या नाव नसलेल्या राजाच्या नावे लागला, हेही त्याला झोंबलं. बापाचं दुसरं काही त्याच्यापाशी उरलंच नव्हतं.

तो हिंगोलीला गेला आणि साहेबांसमोर हात जोडून खरं बोलला. “साहेब, माफी करा. तो वाडा माह्या बापानं रचला. म्या दगड देल्ते.”

साहेबांनी शांतपणे फाईल उघडली. ते मनाने चांगले होते. “मसाजी, हा तुझाच अंगठा ना?”

“व्हय.”

“मग नीट ऐक. वाडा वडिलांचा असेल, तर तू शासनाला खोटं सांगितलंस आणि वर तीस वर्षांचं अतिक्रमण. वडिलांचा नसेल, तर तू देशाचा एक प्रामाणिक नागरिक आहेस. तुला काय व्हायचंय?”

मसाजीने पुन्हा हिशेब केला. “मंग प्रामानिकच ऱ्हातो,” तो म्हणाला आणि शेवटच्या जीपने परत आला. घरी येऊन त्याने हे सगळं अनुसयाबाईला सांगितलं. ती कणीक मळत होती. “तुमी काहून बोलता हो साहेबलोकांशी?” ती एवढंच म्हणाली.

उद्घाटन मृगाच्या दोन दिवस आधी झालं. मंडप, सत्कार, फेटे. साहेबांनी भाषणात स्कॉटलंडचा किल्ला सांगितला आणि बोडखी त्याच्या तोडीस तोड आहे, हे पटवण्यासाठी तिथला मोठा रंगीत फोटो मंडपात लावला. पाहुणे जेवायला बसल्यावर अनुसयाबाई त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मग तिने साहेबांनाच बोलावलं.

“साहेब, हे किल्ल्यावर पांढरं पांढरं काय हाय?”

साहेब जवळ गेले. बारा दिवस मेंढीपालनाचा अभ्यास केलेला माणूस. त्यांनी क्षणभर निरखून पाहिलं. “मेंढ्या आहेत.”

“बराबर आतच चरून राहिल्या की.”

“हो.”

“मंग आपल्या किल्ल्यात काहून न्हाईत? बाहेरदेशचे पाव्हणे आले तं म्हनतील, किल्ला हाय पन अर्धाच हाय.”

 साहेबांच्या अंगावर काटा आला. किल्ला अपुरा असल्याचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

“आमच्यापाशी हायेत शहाऐंशी,” अनुसयाबाई पुढे म्हणाली. “सरकारला काई तकलीफ न्हाई. पाचला पाव्हणे गेले का आत सोडू, सकाळी दहाच्या आत बाहेर काढू. राखण बी होईल.”

आठ दिवसांत निघतो तो आदेश दोन दिवसांत निघाला. ‘आंतरराष्ट्रीय दर्जाशी सुसंगत’ म्हणून मेंढ्यांना मुक्काम मंजूर झाला. राखणदाराची नोंद अशी: मसाजी पोले, कुटुंब: पत्नी एक, इतर शहाऐंशी. पहिल्या सरीला कळप कुंपणाच्या आत होता. त्या पावसाळ्यात मसाजीचं एकही मेंढरू लंगडलं नाही, आणि तक्त्याच्या रकान्यात ‘एक’ हा आकडा लाल शाईने गेला.

किल्ल्याला आता चांगले दिवस आहेत. लांबलांबून लोक येतात. हिवाळ्यात तुम्हीही येऊन गेलात. कुंपणाबाहेर चपला काढल्यात, भोकासमोर पालथं पडून फोटो काढलात, उठताना डोळे भरून आले होते. मग वाकून चिमूटभर काळीभोर माती उचललीत, कपाळाला लावलीत, लेकरांच्याही कपाळाला लावलीत, आणि उरलेली डबीत भरून घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवलीत. मसाजी फाटकापाशीच उभा होता. बोडखीवर सगळा मुरूम आहे, काळी माती औषधालाही नाही, हे तुम्हाला सांगावं असं त्याला फार वाटलं. पण एकदा खरं बोलायला जाऊन त्याची काय गत झाली होती ते त्याला ठाऊक होतं, आणि तुमचा चेहरा इतका भाविक होता की त्याने नुसताच रामराम घातला.

डबी संपली तर संकोच करू नका. रोज सकाळी ताजी पडलेली असते.