हवालदारांची सोपी सहल

दगडू हवालदार समुद्रकाठची मैलभराची सहल एकूण एकेचाळीस वेळा करून आले, आणि एकेचाळीसही वेळा ते कराडातच होते. समुद्र तिथून साठ मैलांवर. कृष्णेच्या वाळूत चुन्याच्या खुणा मारायच्या, डाव्या घोट्याला दोन शेर वाळूची पिशवी बांधायची आणि पाय फरफटत चालायचं, हा त्यांचा रोज सकाळचा नेम. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. पाण्यातल्या म्हशी रवंथ विसरायच्या, हे मी शपथेवर सांगतो.

"आवं हवालदार, पिशवी कशापायी?" मी विचारलं.

"सहल सोपी हाय का न्हाई, ते अवघड करूनच कळतं गुर्जी. तुमी नुसतं शिट्टीकडं ध्यान द्या."

मी शाळामास्तर आणि त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यामुळे सहलीत माझं नाव मला न विचारताच पडलं होतं. हवालदार लढाईवरून दोन गोष्टी घेऊन आले, गळ्यातली शिट्टी आणि समुद्राचं वेड. मिसरला, म्हणजे इजिप्तला, जाताना आगबोटीवर त्यांनी अठरा दिवस समुद्र पाहिला होता. त्यातले सतरा दिवस ते ओकत होते. तरी म्हणायचे, "लय देखणा. घरच्यांनी बगाया पायजे."

घरचे म्हणजे एकट्या त्यांच्या पत्नी, ताराकाकू. लढाईच्या काळात हवालदारांची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायचो. समुद्राचा मजकूर आला की त्या म्हणायच्या, "तेवढं परत वाचा." त्याच काळात विहिरीच्या पायरीवरून घागरीसकट पडल्या, खुब्याचं हाड वाकडं जुळलं आणि डावा पाय कायमचा ओढत राहिला. उत्तर लिहिताना मला बजावलं, "पायाचं लिवू नगा. तिथनं ते काय करणार?" मी लिहिलं नाही. हवालदार परतले, तेव्हा त्यांना ते उंबऱ्यातच कळलं.

काकूंनी जत्रा, लग्नं, हळदीकुंकू सगळं सोडलं होतं. सहलीचं नाव काढताच म्हणाल्या, "तुमी जावा. माझ्यापायी समद्यांचा खोळंबा नगं. मी भाकरी बांधून देते."

हवालदारांनी दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं दौत ठेवली.

चिपळूणच्या पुढं समुद्राला लागून जंगलखात्यानं राखलेलं सुरूचं बन होतं. तिथल्या रखवालदाराला मी पत्रं लिहिली ती अशी : बसायला ओंडके किती? दोन ओंडक्यांत पावलं किती? चढ आहे का? असल्यास किती बोटं? सातव्या पत्राला त्या सज्जनानं विचारलं, "आपण सहलीला येताय की बन विकत घ्यायला?" खाली लिहिलं होतं की पाणी दिवसातून दोनदा चढतं.

हवालदार हबकले. "दिसातनं दोनदा पूर? वर पाऊस कुठं पडतुया?" आगबोटीवर असताना समुद्र बोटीसकट चढायचा, त्यामुळं त्यांना हे कधी कळलंच नव्हतं. शेवटी रखवालदारानंच सुचवलं, अष्टमीला या, पाणी दमानं येतं. पुनवेला ठरलेली सहल अष्टमीवर गेली.

मग आमची तालीम. दर शंभर पावलांना शिट्टी, शिट्टी झाली की दमला असा वा नसा, बसायचं. "मागं कुणी ऱ्हायचं न्हाई," हे एकच कलम. सहलीतले दुसरे गडी, पानवाले गुलाबभाई, तिसऱ्याच दिवशी हवालदारांच्या ओसरीवर येऊन कपाळ धरून बसले.

"आरं हवालदारा, चालून माणूस दमतो. मी बसून बसून दमलो. असल्या चालीनं लढाईला गेला असतास, तर दुश्मन वाट बघून घरी गेला असता."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. काकू हसत होत्या. कितीतरी महिन्यांनी.

"एवढं हळू जाणार असाल," त्या दारातून म्हणाल्या, "तर मी येते."

हवालदारांनी शिट्टी तोंडात घातली, पण ती वाजेना.

आम्ही मोटारीनं कुंभार्ली घाट उतरलो. समुद्र दिसताच काकूंनी आधी हात जोडले, मग पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "पत्रात खारट लिवलं न्हवतं." मैलभरात वीस शिट्ट्या झाल्या. गुलाबभाई वीसही वेळा सर्वांत आधी बसले. काकू एकदाही मागं राहिल्या नाहीत.

बनाच्या टोकाशी पोचल्यावर मी मागं वळून पाहिलं. ओल्या वाळूत काकूंची वाट स्पष्ट होती, एक उमटलेलं पाऊल, एक ओढलेली रेघ. तिच्या शेजारून दुसरी वाट आली होती, हुबेहूब तशीच. एक पाऊल, एक रेघ.

आणि हवालदारांची वाळूची पिशवी तर कराडला खुंटीवर होती.