चष्मेवाल्याचं अंतराळयान

चष्मेवाल्याने लिहिलेली अंतराळातल्या साहसाची कुमार कादंबरी कुणालाच वाईट वाटली नाही, हेच खरं दुखणं होतं. कुणी नावं ठेवली असती, तर त्याने भांडून तरी घेतलं असतं. पण अकरावीतला पुतण्या म्हणाला, "बरी आहे." शेजारच्या शिंप्याने कापड पाहावं तसं एक पान चिमटीत धरलं आणि "कागद चांगला लावलाय" म्हणाला. बायको सातव्या प्रकरणापर्यंत पोहोचली आणि दोन महिने तिथेच मुक्काम ठोकून राहिली. यान गुरूच्या चंद्रावर आदळायचं ते एकोणिसाव्यात.

हेही त्याने गिळलं असतं. पण त्याच सुमारास त्याच्या धाकट्या साडूने, म्हणजे दातांच्या डॉक्टरने, पेशंटांच्या गमतीजमतींचं पुस्तक काढलं. ते वाचताना सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. सासूबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पुस्तकांच्या बाबतीत घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. कादंबरीबद्दल मात्र त्याही "बरी आहे" एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द निघावा, मग जग गेलं खड्ड्यात, असं चष्मेवाल्याला झालं होतं. ठसक्याची बातमी ऐकून त्याचा नुसता जळफळाट झाला.

"त्याचं काय, दवाखान्यात ताटकळलेली माणसं वाचतात. दुसरं करणार काय?"

"मग तुमच्या दुकानातही माणसं अडकतातच की," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

ती सहज बोलून गेली. चष्मेवाल्याने दुसऱ्याच दिवशी जवळचं वाचायचा छापील तक्ता खणात टाकला आणि मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत एकोणिसावं प्रकरण छापून आणलं.

"पहिली ओळ दिसते?"

"'कप्तानाने श्वास रोखला.' दिसते," पेन्शनीतले पोस्टमास्तर म्हणाले.

"पुढे वाचा ना. यान आता आदळणार आहे."

"आदळू दे हो. मला सगळं दिसतंय."

दिसत नाही म्हणावं, तर चष्मेवाला भिंग बदलायचा आणि कप्तान पुन्हा पहिल्यापासून श्वास रोखायचा. ही वार्ता गल्लीभर पसरली. मग गिऱ्हाइकं तक्ता हातात घ्यायच्या आतच "स्पष्ट! अगदी स्वच्छ!" म्हणून मोकळी होऊ लागली आणि भलतेच नंबर घेऊन घरी जाऊ लागली. शिंप्याने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. पोस्टमास्तर दुसऱ्याच्याच घराची कडी वाजवून आत जाऊन बसले.

सासूबाईही घाईघाईत "स्पष्ट!" म्हणून नवा चष्मा घेऊन गेल्या होत्या. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"अहो जावईबापू, धाकट्यांचं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं, तर अक्षरं मुंग्यांसारखी पळतायत. ठेवूनच दिलं शेवटी."

चष्मेवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "काय घाई आहे? डोळ्यांना जरा विश्रांती द्या," तो म्हणाला. पंधरा दिवस त्याने ती विश्रांती चालू दिली.

सोळाव्या दिवशी त्याच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. सासूबाईंनी आपली कादंबरी वाचली ती त्यांच्या जुन्या, ओरखडे पडलेल्या चष्म्यातून! तसल्या भिंगातून गुरूचा चंद्र दिसणार कसा? त्याच भिंगातून साडूचं पुस्तक वाचून त्यांना ठसका लागला होता, हे त्याने सोयीस्करपणे बाजूला ठेवलं. त्याने खणातून जुना तक्ता काढला, सासूबाईंना बोलावलं आणि दोन तास त्यांचे डोळे तपासले. असा चष्मा त्याने उभ्या जन्मात कुणाला केला नव्हता. चष्म्याबरोबर कादंबरीही हातात ठेवली.

चार दिवसांनी त्या स्वतः दुकानात आल्या.

"वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

"मग?" त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं.

"मला वाटलं होतं, मागच्या खेपेला चष्म्यापायी काहीतरी सुटलं असेल. पण नाही हो, काहीच सुटलं नव्हतं. बरी आहे." आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "पण चष्मा काय केलाय तुम्ही! समोरच्या गच्चीवरच्या चिमण्या मोजल्या मी आज!"

चष्मेवाला मान खाली घालून इतरांचे बिघडलेले चष्मे नीट करत बसला. संध्याकाळी साडू आला, तो तोंड आंबट करूनच.

"साडूसाहेब, काय जादू केलीत? सकाळपासून सासूबाईंचे फोन चाललेत सगळ्यांना. चष्मा असा नि चष्मा तसा."

"तुमच्या पुस्तकाचं इतकं कौतुक करतात की!" चष्मेवाला फणकारला.

"पुस्तकात माझं काय आहे? पेशंट बोलले ते उतरवून काढलं. पण त्यांची कवळी मी केलीये, या हातांनी. तीन महिने खपलो. ती घालून जेवतात, हसतात, तुमच्या चष्म्याचं गुणगान गातात. चार वर्षांत कवळीबद्दल एक शब्द नाही. चांगला नाही, वाईट नाही."

चष्मेवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. असा चेहरा तो रोज दाढी करताना बघत होता. कादंबरी छापून आली त्या दिवशीही झालं नव्हतं असं सुख त्याला झालं. त्याने साडूला खुर्ची दिली.

"मनाला लावून घेऊ नका. माझ्या कादंबरीला तरी कुठे काय म्हणाल्या? बरी आहे म्हणाल्या. दोनदा."

"दोनदा?" साडू म्हणाला, आणि त्याचा चेहरा आणखीच उतरला.