रेशमी पोस्टकार्डांची चैत्रगौर

आमच्या देवासात दिनूभियांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळत नाही, साबण मिळतो. "पहिले हात धुवा, फिर बैठो," म्हणत ते टॉवेल घेऊन उभेच. स्वतःच्या मुलीला पाहायला आलेल्यांनाही त्यांनी असंच मोरीवर पाठवलं होतं. होणाऱ्या व्याह्यांनी घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुतले, तेव्हा कुठे पोहे मिळाले. लग्न जमलं हे नशीब.

ही सगळी काळजी भरतकामाच्या रेशमी पोस्टकार्डांपायी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बायका घरी बसून तलम रेशमी जाळीवर फुलं, फुलपाखरं, झेंडे भरायच्या. तो तुकडा कार्डाच्या चौकटीत चिकटवला जायचा आणि इंग्रज सैनिक ते कार्ड घरी धाडायचे. दिनूभियांना पहिलं कार्ड धारच्या एका भंगारवाल्याकडे सापडलं. बाकीची त्यांनी मोबाइलवर परदेशी विक्रेत्यांशी घासाघीस करून जमवली. "ह्यावर तिकीट का नाही?" असं कुणी विचारलं की त्यांना चेवच चढतो. "अरे भिया, रेशीम काय उघडं पाठवतात? लिफाफ्यातून जायचं!"

हा नाद त्यांची बायको, मंगलवहिनी, गेल्यानंतरचा. त्यांची चैत्रगौर म्हणजे आमच्या गल्लीचं वैभव होतं. त्या गेल्यापासून गौर डब्यातच होती. ह्या चैत्रात दिनूभिया माझ्या दारात आले.

"वहिनी, इस साल गौर बसवतो. आरास माझी. कुंकू तुम्ही लावा."

मला वाटलं, एकट्या पुरुषाच्या घरी हळदीकुंकवाला कोण येणार? शिवाय हळदीची बोटं आणि ती कार्डं!

"बायका येतील ना?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला हो म्हणावंच लागलं.

त्या दिवशी पांढऱ्या चादरीवर कार्डांच्या ओळी, वर झोपाळ्यात गौर. पाच वाजले तरी कुणी फिरकेना. दिनूभिया उगाच पन्हं ढवळत होते. शेवटी आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या सिंधूकाकू आल्या. दिनूभिया सवयीने साबण घेऊन पुढे झाले.

"दिनू, हळदीकुंकवाला आलेल्या सवाशिणीला मोरी दाखवतोस?"

दिनूभियांनी साबण खिशातच टाकला. "चुकलं काकू. या."

काकू आत शिरल्या आणि त्यांच्यामागे सगळी गल्ली! बायका नुसत्या काकूंचीच वाट बघत दारादारांत उभ्या होत्या. रांग मिठाईच्या दुकानापर्यंत गेली. "हात पाठीमागे बांधा गं!" काकूंनी हुकूम सोडला. सगळ्या जणी शाळेतल्या मुलींसारख्या हात मागे बांधून वाकून वाकून टाके बघत होत्या. आंब्याची डाळ संपली, पुन्हा वाटली, तीही संपली. शेजारच्या गल्लीतल्या बायकांनी उद्याचं आमंत्रण स्वतःहून घेतलं. "अशी आरास अख्ख्या देवासात नाही," काकूंनी निकाल दिला. बाहेर ओट्यावर दिनूभिया लग्नातल्या यजमानासारखे सगळ्यांना हात जोडत होते. मलासुद्धा असा आनंद झाला की काही विचारू नका.

सगळ्या गेल्यावर ते आत येऊन गौरीसमोर बसले.

"मी नोकरीभर खातेगावला, शनिवारी घरी. मंगल म्हणायची, मधे एखादं पत्र टाकत जा. मी म्हणायचो, शनिवारी येतोच आहे ना!" त्यांनी झोपाळ्याखालचं कार्ड दाखवलं. निळ्या फुलांखाली इंग्रजी अक्षरं भरलेली होती. माझ्या प्रिय पत्नीस. "लढाईच्या चिखलात बसून लोक हे पाठवत होते, वहिनी. और मैं खातेगाव से नहीं भेज पाया."

माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. "तिच्या सगळ्या मैत्रिणी आल्या ना आज? ह्यांच्यातल्या कुणाचं ना कुणाचं माणूस खातेगावात असायचंच; मी तिथे काय खाल्लं, कुणाशी भांडलो, सगळं तिला ह्याच बायकांकडून कळायचं. आज मी काय मांडलं, तेही कळेल तिला."