मिक्सर डॉक्टरांची शिखरमोहीम

“चढणार म्हणजे चढणार! आणि नुसता चढणार नाही, वर पोहोचून तिथून तुम्हाला फोन करणार!”

डॉक्टरांनी हे बोलताना जेवणाच्या टेबलावर अशी मूठ आपटली की सुपाची वाटी उडून मेहुणीच्या नव्याकोऱ्या टेबलक्लॉथवर पालथी झाली. पण त्या क्षणी डॉक्टरांना सुपाचं काय! समोर साडूभाऊ बसले होते. विमा कंपनीत साहेब. दर सुट्टीत कुठेतरी फिरून यायचे आणि मग सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावून टीव्हीवर फोटो दाखवायचे. प्रत्येक फोटोत साडूभाऊ पुढे, आणि समुद्र, धबधबा, किल्ला जे काही असेल ते त्यांच्या कानामागे. त्या दिवशी कानामागे एक प्रचंड बर्फाचं शिखर होतं.

“ह्याच्यावर चढायचं म्हणजे छाती लागते, डॉक्टर,” साडूभाऊ म्हणाले होते. “स्क्रू पिळण्याइतकं सोपं नाही ते!”

झालं! डॉक्टर पेटले.

आता हे डॉक्टर म्हणजे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत. त्यांचं कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, गीझर, जे बिघडेल ते. दुकानावर पाटी होती ‘मिक्सर डॉक्टर’. पाटीतला ‘मिक्सर’ उन्हापावसाने पुसट झाला आणि ‘डॉक्टर’ तेवढा ठसठशीत उरला. तेव्हापासून गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची, घरचे डॉक्टर म्हणायचे, आणि साडूभाऊ तर जरा जास्तच लांबवून ‘डॉऽऽक्टर’ म्हणायचे.

“अहो, माळ्यावर चढताना स्टूल मी धरते तुमचं!” बायको घरी येता येता म्हणाली.

“म्हणूनच जायचंय! तिथे स्टूल नाही!”

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी एका गिर्यारोहण मंडळाकडे नाव नोंदवलं. हौशी लोकांना सांभाळून, हाताला धरून, उंच शिखरावर नेऊन आणण्याचा त्या मंडळाचा धंदाच होता. ही बातमी कळताच साडूभाऊंचा चेहरा पडला. पण बोलून बसलेला माणूस मागे कसा फिरणार? “मी तुम्हाला एकट्याला सोडेन का?” असं म्हणत त्यांनीही नाव नोंदवलं.

डॉक्टरांचा सराव जोरात सुरू झाला. पाठीवरच्या पिशवीत वजन हवं म्हणून त्यांनी दुकानातले मेलेले मिक्सर भरले आणि इमारतीचे जिने वरखाली करू लागले. प्रत्येक पायरीला पाठीमागे खणखणाट! शेजारच्या आजोबांना वाटलं, बायकोने डॉक्टरांना भांड्यांसकट घराबाहेर काढलं. ते समजूत घालायला घरी आले, चहा घेतला आणि बायकोलाच चार गोष्टी सुनावून गेले.

असो. निघायचा दिवस उजाडला. डोंगराच्या पायथ्याच्या गावात मोहिमेची माणसं जमली. म्होरक्या म्हणजे एक उंचापुरा, उन्हाने रापलेला गडी. सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. कॅप्टन त्या सकाळी डोकं धरून बसला होता, कारण मोहिमेबरोबर जाणाऱ्या वैद्यकीय डॉक्टरांचं पोट बिघडलं होतं आणि ते अंथरुणातून उठायला तयार नव्हते.

नेमकी तेव्हाच साडूभाऊंनी हाक मारली, “अहो डॉऽऽक्टर! तुमची हत्यारांची पिशवी गाडीतच राहिली!”

कॅप्टन ताडकन उठला. “डॉक्टर? तुम्ही डॉक्टर आहात?”

“म्हणजे... लोक म्हणतात तसं. मी आपला दुरुस्तीचा डॉक्टर.”

“सर्जन!” कॅप्टनने त्यांना मिठीच मारली. “आणि हत्यारंही घेऊन आलात! देवासारखे धावून आलात हो!”

डॉक्टर खुलासा करायला तोंड उघडणार, तोच त्यांना मंडळींपुढे उभं करण्यात आलं. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या टाळ्या! त्यात साडूभाऊ कोपऱ्यात तोंड दाबून हसत होते. ते हसणं पाहून डॉक्टरांनी उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं. संध्याकाळी सांगू, असं ठरवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पेशंट आला. मोहिमेतल्याच एक बँकेतल्या बाई होत्या. धापा टाकत म्हणाल्या, “डॉक्टर, छातीत घरघर होतेय.”

डॉक्टरांना घाम फुटला. आता काय करावं? मग जे हाताला सवयीचं तेच झालं. त्यांनी कान जरा तिरका केला, आवाज ऐकला आणि विचारलं, “घरघर सलग आहे की थांबून थांबून?”

“थांबून थांबून.”

“लोड जास्त झालाय. सलग चालवू नका. थोडं चालवायचं, बंद करायचं, गार होऊ द्यायचं, मग परत चालवायचं. आणि वास वगैरे आला तर... म्हणजे, काहीही वेगळं वाटलं तर सरळ खाली!”

बाईंनी तसंच केलं आणि त्यांना बरं वाटलं! मग काय, तंबूबाहेर रांग. कोणाचं डोकं दुखतंय, कोणाला झोप नाही, कोणाचे पाय थरथरतायत. डॉक्टर प्रत्येकाला ‘लोड कमी करा, गार होऊ द्या’ सांगायचे आणि जरा शंका आली की त्याला खाली पाठवून द्यायचे. कॅप्टन खूश. “फार सावध डॉक्टर आहेत!” तो सगळ्यांना सांगायचा. डॉक्टरांचा मात्र जीव टांगणीला! रोज सकाळी उठून आधी सगळ्या तंबूंत डोकावून माणसं हलतायत ना ते बघायचे, मगच चूळ भरायचे.

असं करत करत मंडळी वरच्या तळावर पोहोचली. आणि तिथे डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर करून शिखराकडे नीट पाहिलं. समोर बर्फाची सरळसोट भिंत! फ्रिजचं दार उघडावं आणि आतला बर्फ आभाळापर्यंत गेलेला दिसावा तशी! डॉक्टरांनी मान पुन्हा खाली घातली आणि बुटांच्या नाड्या सोडून परत बांधायला घेतल्या.

तेवढ्यात साडूभाऊंनी त्यांना तंबूत ओढलं आणि दाराची चेन बंद केली.

“डॉक्टर,” ह्या वेळी ‘डॉ’ अजिबात लांबला नव्हता. “मला अनफिट करा.”

“काय?”

“कॅप्टनला सांगा, ह्यांच्या हृदयाचं काहीतरी आहे, खाली पाठवा. मला ती भिंत बघवत नाही हो! पण आपणहून परत गेलो तर घरी तोंड दाखवायला जागा नाही.”

“मग मी काय करू? मलाही नाही बघवत!”

लग्नात एका मांडवाखाली उभं राहिल्यानंतर पहिल्यांदाच दोघा साडूंचं एकमत झालं होतं.

“असं करू,” डॉक्टर म्हणाले, “तुम्हीच मला अनफिट म्हणा.”

“मी विम्याचा माणूस! माझं कोण ऐकणार? डॉक्टर तुम्ही! तुम्ही मला आजारी करा. मग आजारी माणसाबरोबर डॉक्टर नको का? तुम्ही माझ्यासोबत खाली!”

डॉक्टरांना हे फारच पटलं. साडूभाऊंच्या डोक्याबद्दल त्यांना प्रथमच आदर वाटला. दोघांनी हात मिळवले. साडूभाऊंनी छाती धरली, डोळे फिरवले, आणि डॉक्टर ओरडत बाहेर पळाले, “कॅप्टन! ह्यांना ताबडतोब खाली न्यायला हवं! मी स्वतः घेऊन जातो!”

कॅप्टन माणूस तयारीचा. त्याने वायरलेसवर दोन शब्द बोलून हेलिकॉप्टर मागवलं! थोड्या वेळात ते घोंघावत आलं, साडूभाऊंना उचलून आत ठेवलं. डॉक्टरांनीही एक पाय आत टाकला, तर कॅप्टनने मागून त्यांची पिशवीच धरली.

“तुम्ही कुठे?”

“पेशंटसोबत!”

“आत जागा एकाचीच. आणि खाली दवाखाना आहे, त्यांची काळजी घेतील. इथे इतकी माणसं वर जायची आहेत. डॉक्टरशिवाय मी त्यांना नेऊ? छे छे! उद्या पहाटे निघायचं आणि तुम्ही माझ्या दोरावर, सगळ्यात पुढे!”

दार बंद झालं. काचेतून साडूभाऊंचा चेहरा दिसला. तो आजारी माणसाचा मुळीच नव्हता. त्यांनी हातसुद्धा हलवला!

आता मात्र डॉक्टरांचा धीर सुटला. सगळ्यात पुढे! मागे बँकेतल्या बाई, त्यांच्यामागे इतर सगळे, आणि कोणाला खरंच काही झालं तर? गार होऊ द्या, असं सांगणार? आपली फजिती होईल ती होऊ दे, पण ह्या माणसांच्या जिवाशी खेळ नको. सगळे जेवायला जमले तेव्हा डॉक्टर उभे राहिले.

“मंडळी, मला माफ करा. मी डॉक्टर नाही. मी मिक्सर दुरुस्त करतो.”

बँकेतल्या बाईंचा चमचा तोंडाशीच थांबला. मग कॅप्टन हळूच बाजूच्या माणसाला म्हणाला, “चढली.”

“काय चढली?”

“हवा. विरळ हवेत असं होतं. माणूस बरळायला लागतो. मागे एकजण मला ‘मी बादशहा आहे’ म्हणत होता.”

“अहो, मी शुद्धीवर आहे!” डॉक्टर ओरडले. “माझं दुकान आहे! पंखे, इस्त्र्या, गीझर! थांबा, दाखवतो!” असं म्हणून त्यांनी पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढला आणि पुरावा म्हणून कॅप्टनच्या वायरलेसकडे झेपावले.

“धरा त्यांना!”

पाचजणांनी मिळून डॉक्टरांना धरलं. स्लीपिंग बॅगेत कोंबलं, चेन नाकापर्यंत ओढली, आणि घसरगाडीला बांधून सरळ खालच्या दिशेने रवाना केलं. जो चढायला सगळ्यांना पाच दिवस लागले होते तो डोंगर डॉक्टरांनी पाठीवर झोपून, आकाशाकडे बघत, ‘मिक्सर! मिक्सर!’ असा घोष करत उतरला. वाटेत भेटणारे लोक तो शेवटचा जप समजून, टोप्या काढून बाजूला उभे राहत.

गावातल्या दवाखान्यात त्यांना नेमका साडूभाऊंच्या शेजारचा पलंग मिळाला. साडूभाऊ उशीला टेकून गरम सूप पीत होते.

तिथले मोठे डॉक्टर आले. हे अगदी खरे. त्यांनी मायेने विचारलं, “तुमचा व्यवसाय काय?”

“मिक्सर दुरुस्ती.”

मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली आणि साडूभाऊंकडे वळले. “तुम्ही ह्यांचे नातलग ना? हे खरं बोलतायत?”

डॉक्टरांनी आशेने पाहिलं. साडूभाऊंनी सूप खाली ठेवलं. हे डॉक्टर खोटे ठरले तर आपला आजारही खोटा! मग त्या हेलिकॉप्टरचं काय?

“छे हो!” ते डोळे पुसत म्हणाले. “नावाजलेले डॉक्टर आहेत. हात लावतील ते बरं होतं. बिचाऱ्यांचं काय झालं हे!”

“साडूभाऊ!” डॉक्टर किंचाळले.

“बघा, मला तरी ओळखतायत.”

“माझ्या बायकोला फोन लावा! ती सांगेल!”

मोठ्या डॉक्टरांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. “वहिनी, तुमचे यजमान डॉक्टर आहेत का हो?”

“म्हणजे काय!” बायकोचा आवाज खणखणीत आला. “आख्खी गल्ली त्यांना डॉक्टरच म्हणते. लोक दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत! परवाच समोरच्या वहिनींचा मोठा आणला होता. पार जळालेला! धूर येत होता नुसता! सगळे म्हणाले, आता टाकून द्या.”

“टाकून?” मोठे डॉक्टर हादरले.

डॉक्टर ‘मिक्सर म्हण, मिक्सर!’ असं ओरडणार, तोच सिस्टरने त्यांच्या तोंडात थर्मामीटर खुपसला.

“हो ना! पण ह्यांनी खालून उघडला, आतलं सगळं बदललं, आणि संध्याकाळी गरगर फिरायला लागला!”

“फिरायला लागला?”

“तर! पहिल्यापेक्षा जोरात!”

मोठ्या डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “सर, तुमच्यासारख्या माणसाला आम्ही बरं करूच.”

आणि रोज सकाळी तोच प्रश्न. “तुम्ही कोण?” “मिक्सरवाला.” “बरं, पडून राहा.” शेवटी डॉक्टर टेकीला आले. बाहेरून बातमी आली होती की कॅप्टनने डॉक्टरविना वर जायचं नाकारून सगळ्यांना सुखरूप खाली आणलं. डॉक्टरांच्या मनावरचं ओझं उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही कोण?”

डॉक्टरांनी हात जोडले. “डॉक्टर.”

“शाब्बास!” वॉर्डभर टाळ्या पडल्या. “झाले बरे! उद्या घरी जा.” साडूभाऊही त्याच दमात बरे झाले आणि दुपारच्या गाडीने पुढे निघून गेले.

सगळं सुरळीत झालं असतं. पण त्याच दुपारी वॉर्डातला हीटर फटकन आवाज करून बंद पडला. थंडी अशी की पेशंट पांघरुणासकट कुडकुडत होते. वायरमन डोंगरापलीकडून येणार, तोही आला तर. डॉक्टरांनी तोंड भिंतीकडे केलं. हात उशीखाली दाबून ठेवले. पण कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचे दात वाजायला लागले आणि डॉक्टरांना राहवेना. कोणी बघत नाही असं पाहून ते सुपाचा चमचा घेऊन उठले. चमच्याच्या दांड्याने स्क्रू काढले, जाळी उतरवली, आतली सुटलेली तार पिळली, आणि शेवटचा स्क्रू बसवताना खोली उबदार झालेली पाहून समाधानाने मागे वळले.

मागे सिस्टर उभी होती.

तिने एकदा त्यांच्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं. एकदा लाल झालेल्या हीटरकडे पाहिलं. सगळा उलगडा तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसला. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. चला, कोणाला तरी कळलं!

सिस्टर जवळ आली, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

“काका, वरच्या मजल्यावरचा गीझरही बंद आहे, आणि स्वयंपाकघरातली मोठी शेगडी. तेवढं होईपर्यंत तुम्ही पुन्हा बरळायला लागलात असं मोठ्या डॉक्टरांना सांगू का?”