सौम्य गटात साडेबारा टक्के

माझ्या धाकट्या मुलाचं, हितेशचं लग्न झालं, ते वर्ष दोन हजार तेवीस. वर्गवारीशिवाय माणसाची प्रगती नाही, हे त्याच वर्षी आमच्या तळवलीत सिद्ध झालं.

माझी मुलगी मनस्वी ऐरोलीच्या एका कंपनीत आहे. तिथे स्तनाच्या कर्करोगाच्या हजारो गाठींची माहिती कॉम्प्युटरला देतात. ('स्तन' हा शब्द आमच्या घरी कोणी उच्चारत नाही. मी अक्षरं उशिरा शिकलो, म्हणून लिहायला लाजत नाही.) नावं-गावं सांगत नाहीत. कॉम्प्युटर सारख्या गाठी आपणहून शेजारी बसवतो आणि गट पाडतो. काही सौम्य, काही भराभर वाढणारे. गटाप्रमाणे औषध ठरतं.

"हलदीच्या पंगतीवानी," माझी बहीण पुतळा म्हणाली. "कोन सांगत नाय, पन भावकी भावकीच्या बाजूलाच बसते."

"अगदी तसंच, आत्या."

यावर मांडवात गंभीर चर्चा झाली. माझा थोरला भाऊ नामदेव म्हणाला, "शहरासाठी जमिनी आपन दिल्या. सौम्य गटात प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जागा पायजेत." मागणी रास्त होती, गेलेल्या जमिनींच्या बदल्यात भूखंड याच दराने मिळाले होते. सर्वांनी पाठिंबा दिला. (सर्व म्हणजे पुरुष.) एकाने दाखला कुठे मिळतो तेही विचारून घेतलं.

पुतळाने मनस्वीला बाजूला घेतलं. "दुखत नाय आशी गाठ कंच्या गटात जाते गो?"

"आधी डॉक्टरला दाखवायची. तुकडा तपासल्याशिवाय गट नाही. कोणाची आहे?"

"हाय येकीची."

मनस्वी समजली. उद्याच जाऊ, म्हणाली. पण लग्नघरातून दवाखान्याची पायरी चढू नये, असा आमचा नियम. तो पुतळानेच सांगितला, आम्ही माना डोलावल्या. लग्नानंतर जेवणावळी आल्या, मग गणपती (पाहुणे फार), मग नवरात्र. प्रत्येक कारण सबळ होतं.

दिवाळीनंतर तुकडा तपासला. कॉम्प्युटरने गट बरोबर ओळखला, भराभर वाढणारा. राखीव जागांचा विषय नामदेवने पुन्हा काढला नाही.

एक गट मात्र कॉम्प्युटरला अजून पाडता आलेला नाही, तो मी हाताने पाडला आहे. 'एवढं उरकू दे, मग बघू' म्हणणाऱ्यांचा. त्यात जात, शिक्षण, फ्लॅट की गावठाण, काही आडवं येत नाही. हे वाचताना घरातल्या कोणाची तपासणी आठवली आणि 'आधी वाचून तर होऊ दे' असं वाटलं असेल, तर या, बसा. माझ्या शेजारी जागा आहे.

पुतळा फेब्रुवारी दोन हजार चोवीसमध्ये वारली.