रिकाम्या पाकिटांचे नामदेवकाका

आमच्या घरी शेवेचं पाकीट फोडायचा मान नामदेवकाकांचा. दाताने फाडलेलं त्यांना खपत नाही. खिशातली कात्री काढून ते वरची कड सरळ कापतात, शेव ताटलीत ओततात, एक कणही तोंडात न टाकता "भुसा हाय" असा निकाल देतात आणि रिकामं पाकीट घडी करून खिशात घालतात.

काका माझे शेजारी. मोताळ्याच्या आठवडी बाजारात त्यांचं शेव-चिवड्याचं दुकान लागतं. लसूण-ओव्याची त्यांची शेव कढईतून निघाली की अख्ख्या गल्लीला कळतं. तरी माझ्या घरी पाकीट का, हे विचारू नका. मुलांना तेच लागतं, आणि मुलांपुढे आमचं काही चालत नाही. काका आले की मी पाकीट उशीमागे सरकवतो, आणि ते बरोबर तिथूनच काढतात.

त्यांना बुलढाण्याच्या सुपरमार्केटात नेण्याची दुर्बुद्धी मला एकदा झाली. काकांनी एकेक पाकीट कानाशी धरून दाबलं. यात निम्मी हवाच आहे, असं एका अनोळखी बाईंना सांगितलं. बाईंनी टोपलीतलं पाकीट मुकाट्याने परत ठेवलं. मग चष्मा लावून काकांनी मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली आणि शेवेत साखर काऊन, म्हणून काउंटरवरच्या मुलीची उलटतपासणी घेतली. "नाव वाचू नका, वास घ्या," हे आपलं ठरलेलं वाक्य रांगेतल्या सगळ्यांना ऐकवलं. मी तोवर साबणांच्या रॅकमागे जाऊन एकाच वडीची किंमत पुन्हा पुन्हा वाचत होतो. बाहेर आलो तर काका कचऱ्याच्या डब्यात वाकून रिकामी पाकिटं निवडत होते. ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारलं, हे तुमच्यासोबतचे का? मी नाही म्हणालो नाही, पण हो म्हणायला बराच वेळ लावला.

पाकिटांचा उलगडा दिवाळीच्या तोंडावर झाला. मी त्यांची चाळणी परत द्यायला गेलो, तर काका ओट्याशी मेणबत्ती लावून बसलेले. समोर आमच्याच घरचं पाकीट, आतून-बाहेरून पुसलेलं, त्यात त्यांची ताजी शेव. कड चिकटावी म्हणून ती करवतीच्या पात्यावर दुमडून ते ज्योतीवरून फिरवत होते. मला पाहताच त्यांनी पाकीट पंच्याखाली लपवलं. मी उशीमागे लपवतो तसंच.

"सईले पाठवून राह्यलो, पुण्याले," ते खाली पाहत म्हणाले. सई त्यांची नात. "डब्यातली शेव शाळेत नेत नाई ते. पोरी हासतात म्हणे, गावठी म्हणतात. पाकिटातली खाते. आता काय करतं, भाऊ?"

बाजारात कोणाला बोलू न देणारा हा माणूस त्या मेणबत्तीपुढे इतका ओशाळला होता, की मलाच तिथून निघून जावंसं वाटलं. आपल्या शेवेची लाज वाटणारी घरं पुण्यातच आहेत असंही नव्हतं. एक तर त्यांच्या भिंतीला लागूनच होतं.

सुट्टीत सई आली. काकांकडे शेवेचा घाणा निघत होता. मी दारातच होतो. तिने गरम शेव तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली. काकांच्या हातातला झारा तसाच राहिला.

"आबा, अगदी पाकिटातल्यासारखी झालीय," ती खुशीत म्हणाली. "तुम्ही कंपनीची कॉपी केली ना?"

मला राहवलं नाही. मी बोलणार, तेवढ्यात काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

"हाव, बेटा," ते म्हणाले. "कॉपीच केली. जमली काय?"

"जमली," सई म्हणाली, आणि तिने ताटली पुन्हा पुढे केली.