चुन्यातली हिरवी मिरची

सदर बाजाराच्या मागे भोसल्यांच्या वेळची एक जुनी कचेरी आहे. ती दुरुस्त करून लोकांना पाहायला खुली करायचं ठरलं, तेव्हा गंगाधररावांनी आपणहून हात वर केला. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. (त्याआधीही फारसं विचारत नव्हतं, पण तेव्हा निदान टेबल होतं.) समितीत 'जाणकार' म्हणून बसायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या यामिनीनं त्यांच्यावर सोपवला उडीद. जुन्या पद्धतीच्या चुन्यात उडदाची डाळ, मेथी, बेलाचा गर आणि गूळ वाटून घालतात. उद्घाटनाला पाहुण्यांसमोर शेवटच्या भिंतीचा गिलावा करून दाखवायचा होता, आणि वाटण गंगाधररावांनी घरून आणायचं होतं.

त्यांनी ते जातीनं वाटलं, स्टीलच्या डब्यात भरलं. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनीही पाहुण्यांसाठी वड्यांचं पीठ वाटून शेजारीच ठेवलं होतं. सकाळी निघताना गंगाधररावांना चष्मा सापडेना. त्यांनी एका डब्यावर कोरलेलं आपलं नाव बोटानं चाचपलं आणि निःशंक मनानं डबा स्कूटरवर ठेवला.

कचेरीत यामिनीनं तो चुन्यात ओतला आणि गिलावा भिंतीवर चढू लागला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मान पुढे काढली.

"अंकल, इसमें हरी मिर्च क्यों है?"

डबा बदलल्याचं गंगाधररावांच्या ध्यानात आलं. पण शेजारीच समितीचे अध्यक्ष बसले होते.

"दीमक नहीं लगती," ते म्हणाले.

"और कढ़ीपत्ता?"

"वो... सीलन के लिए."

वाळवीही नाही, ओलही नाही! लोक माना डोलवू लागले. कुणी हिंगाचं विचारलं, तेव्हा तर गंगाधररावांनी थेट भोसल्यांच्या फौजेपर्यंत मजल मारली. "बड़े जानकार आदमी हैं," अध्यक्ष यामिनीला म्हणाले. ते ऐकून गंगाधररावांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. (थोडं मिरचीचंही असेल.)

तेवढ्यात कुसुमताई दुसरा डबा घेऊन आत आल्या.

"काय हो, माझं पीठ काहून आणलं? वडा तेलात सोडला तर विरघळून राहिला! सारी कढई बेलानं चिकट झाली!"

"अगं, डब्यावर माझं नाव होतं..."

"लग्नात आलेल्या साऱ्या भांड्यांवर तुमचंच नाव आहे! उद्या कुकर घेऊन जासान!"

भिंतीलाही बहुधा हे पटलं. ताजा गिलावा सावकाश सुटला आणि अध्यक्षांच्या बुटांवर येऊन बसला.

यामिनीनं निर्णय लांबवला नाही. "काकू, अब से मसाला आप देखेंगी?"

"हव," कुसुमताई म्हणाल्या, आणि जाणकार म्हणून समितीत गेल्या. गंगाधररावांनाही कुणी घालवून दिलं नाही. आतली फरशी आता घोटून घेणार होते, त्यामुळे यापुढे सगळ्यांना अनवाणीच जायचं होतं. चपला सांभाळायला दारात कुणीतरी हवंच होतं.

कचेरी सुरू झाली. पहिल्याच बैठकीला कुसुमताईंनी दारात चपला काढल्या आणि हात पुढे केला.

"काय?"

"टोकन द्या. तुमचा काय भरोसा, माझ्या चपला दुसरीलेच देऊन टाकाल."

"मले एवढंही जमत नाही का?" गंगाधरराव दुखावले. त्यांनी तोऱ्यात टोकन काढून कुसुमताईंच्या हातावर ठेवलं.

ते यामिनीच्या सँडलचं होतं.